न्यूमोनिया, की लघवीच्या गोळीची रिअ‍ॅक्शन?

उन्हाळी लागली, लघवीला जळजळ होतेय, म्हणून डॉक्टर नायट्रोफ्युरॅन्टॉइन लिहून देतात. बहुतेकदा १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. औषध जुनं आहे, चांगलं आहे, आणि बहुतेक बायकांना त्याचा फारसा त्रास होत नाही. थोड्या जणींच्या मात्र ते छातीवर येतं. ताप, थंडी, खोकला, दम, एक्स-रेत डाग. हुबेहूब न्यूमोनिया.

न्यूमोनियात खोकल्याबरोबर बहुधा बेडका पडतो, पिवळट किंवा गंजाच्या रंगाचा, आणि डाग पुष्कळदा एकाच बाजूला असतो. रिअ‍ॅक्शनमध्ये खोकला कोरडा, डाग दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी, कधी अंगावर पुरळ. रक्तात अनेकदा इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या सापडतात. पण नुसत्या या खुणांवर विसंबू नये. न्यूमोनियाही कोरडा आणि दोन्हीकडचा असू शकतो. मला सगळ्यात बोलकी वाटते ती गोळी सुरू केल्याची तारीख. गोळी पहिल्यांदाच घेतली असेल तर त्रास साधारण आठवड्या-दीड आठवड्याने सुरू होतो, पूर्वी घेतलेली असेल तर काही तासांतसुद्धा.

आणि नेमकी हीच तारीख केसपेपरवर येत नाही. खोकल्यासाठी आलेल्या बाईला लघवीचं सांगायला संकोच वाटतो. शिवाय त्या गोळीचा छातीशी काय संबंध? वाटणं साहजिक आहे, कारण हे औषध लघवीत उतरतं, रक्तात त्याचं प्रमाण फार कमी राहतं. तरी अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया उठायला तेवढं पुरतं.

पुढे होतं ते असं. न्यूमोनिया समजून दुसरं अँटिबायोटिक सुरू होतं आणि त्या गडबडीत लघवीची गोळी बंद पडते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो. श्रेय नव्या औषधाला जातं. वर्षभराने पुन्हा उन्हाळी लागते, पुन्हा तीच गोळी येते, आणि संध्याकाळपर्यंत दम लागतो. म्हणून गोळी चालू असताना ताप-खोकला आला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, पाकीट दाखवा. दम लागत असेल तर थेट दवाखाना गाठा. रिअ‍ॅक्शन ठरली तर औषधाचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

याच औषधाचा दुसरा त्रास चोरपावलांनी येतो. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या वयस्क बायकांना रोज रात्री ५० किंवा १०० मिलिग्रॅमची एक गोळी महिनोन्महिने दिली जाते. सहा महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, जिना चढताना दम लागू लागतो, कोरडा खोकला जात नाही. ताप बहुधा नसतोच, म्हणून वयावर ढकललं जातं. इथे फुफ्फुसात, जखम भरल्यावर राहतात तसे, घट्ट व्रण धरू लागलेले असतात. गोळी थांबवली तरी सुधारायला महिने लागतात, आणि काहींचे व्रण कायमचे राहतात. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये डॉक्टरांना याची पुन्हा आठवण करून दिली. घरात आई किंवा सासूबाई रात्रीची ही गोळी घेत असतील, तर गेल्या वर्षी त्या न थांबता किती पायऱ्या चढत होत्या ते त्यांना आजच विचारा.