स्वेच्छामरणाचे नियमन आणि डॉक्टरांची भूमिका (व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया)

असाध्य आजाराने मृत्यू जवळ आलेल्या व्यक्तीने स्वतः मागणी केल्यास तिला जीवन संपवण्याचे औषध कायद्याच्या चौकटीत मिळू शकते, अशी तरतूद ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१७ साली केली. कायदा १९ जून २०१९ रोजी अमलात आला. त्याआधी नॉर्दर्न टेरिटरीत १९९६ मध्ये असा कायदा लागू झाला होता; चार जणांनी त्याचा आधार घेतला आणि १९९७ मध्ये केंद्रीय संसदेने तो निष्प्रभ केला. व्हिक्टोरियाचा कायदा इतका सावध का आहे, हे या इतिहासावरून समजते. त्याच्या कर्त्यांनी ६८ सुरक्षा-तरतुदी मोजून दाखवल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक प्रत्यक्षात उतरतात त्या मात्र डॉक्टरच्या टेबलावर. डॉक्टर इथे नियमांखाली काम करतो, आणि नियम राबवणारा पहिला अधिकारीही तोच असतो.

मागणी आल्यावर सात दिवसांच्या आत डॉक्टरने ती स्वीकारायची किंवा नाकारायची असते. स्वीकारली तर तो समन्वयक डॉक्टर होतो. दुसरा सल्लागार डॉक्टर स्वतंत्रपणे तपासणी करतो. दोघेही ठरावीक पात्रतेचे असावे लागतात, त्यांच्यापैकी एकाला त्या आजाराचा जाणकार अनुभव हवा, आणि दोघांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे लागते. रुग्ण १८ वर्षांवरचा, निर्णय घेण्यास सक्षम, ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायम रहिवासी आणि किमान वर्षभर व्हिक्टोरियात राहिलेला असावा, अशा २०१७ च्या कायद्याच्या अटी आहेत. म्हणजे मुलाकडे काही महिन्यांसाठी मेलबर्नला आलेले आईवडील यात बसत नाहीत. दुभाषा लागला तर तो अधिकृत हवा. घरच्या माणसाने भाषांतर केलेले चालत नाही. घरच्यांच्या दबावाची शंका टाळण्यासाठी ही अट आहे, पण मराठीसारख्या भाषेत असा दुभाषा शोधणे प्रत्येक ठिकाणी सोपे असेल असे नाही.

पुढे लेखी घोषणा येते. समन्वयक डॉक्टर आणि दोन साक्षीदारांसमोर रुग्ण सही करतो. मृत्युपत्रातून लाभ होणारी व्यक्ती साक्षीदार होऊ शकत नाही. मूळ कायद्यानुसार पहिल्या आणि शेवटच्या मागणीत साधारणपणे किमान नऊ दिवसांचे अंतर लागते. मग आरोग्य विभागाच्या सचिवांचा परवाना काढावा लागतो. परवाना आला की मेलबर्नच्या आल्फ्रेड रुग्णालयातून चालणाऱ्या राज्यव्यापी औषधसेवेचे फार्मासिस्ट स्वतः रुग्णाकडे जाऊन औषध कुलूपबंद पेटीत सोपवतात आणि वापराची पद्धत समजावून देतात. रुग्णाने ते स्वतः घेणे हा मूळ मार्ग. हे शारीरिकदृष्ट्या अशक्य असेल तरच डॉक्टरला ते देण्याचा परवाना मिळतो.

या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा म्हणजे मुदतीचा अंदाज. मूळ कायद्यानुसार मृत्यू सहा महिन्यांत अपेक्षित असावा; मज्जासंस्था झिजवणाऱ्या आजारांत ही मुदत बारा महिने. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात असा अंदाज एकवेळ बांधता येतो, हृदय किंवा फुप्फुसाच्या दीर्घ आजारात तो फार डळमळीत असतो. रहिवास किंवा निर्णयक्षमता यांवरचा वाद राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात नेता येतो. सहा महिन्यांच्या अंदाजाला तशी दाद नाही. डॉक्टरने 'नाही' म्हटले तर रुग्णाला दुसरा डॉक्टर शोधावा लागतो.

सर्वाधिक टीका झाली ती मूळ कायद्याच्या कलम ८ वर. त्यानुसार आरोग्यसेवकाने या पर्यायाचा विषय आपणहून काढायचा नाही. रुग्णाने विचारले तरच बोलायचे. कोणी हा नियम मोडल्याची दुसऱ्या आरोग्यसेवकाची खात्री झाली, तर त्याने व्यावसायिक नियामकाकडे कळवायचे. दबावापासून संरक्षण हा हेतू रास्त असला, तरी ज्याला कायद्याची माहितीच नाही तो विचारणार काय, हा आक्षेप वजनदार आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने मधला मार्ग काढला: उपचार आणि वेदनाशामक सेवेची माहिती त्याच वेळी दिली तर डॉक्टर विषय काढू शकतो.

नकाराचे स्वातंत्र्यही नियमनावर परिणाम करते. सद्सद्विवेकबुद्धीच्या कारणावरून डॉक्टर भाग घेणे, माहिती देणे किंवा उपस्थित राहणे नाकारू शकतो, आणि मूळ कायद्याने त्याच्यावर रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याचे बंधन घातलेले नाही. क्वीन्सलँडमध्ये नकार देणाऱ्यालाही दुसऱ्या डॉक्टरची किंवा साहाय्यसेवेची माहिती द्यावी लागते. गावात प्रशिक्षित डॉक्टरच नसेल तर कायद्यातला हक्क कागदावर राहतो. अंतराची अडचण व्हिडिओ-सल्ल्याने सुटली असती, पण आत्महत्येशी संबंधित मजकूर दूरसंचार माध्यमातून देण्याविरुद्धचा केंद्रीय गुन्हा आड येतो. तो इथेही लागू होतो, असे फेडरल कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले. त्यामुळे मेलबर्नपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या मिल्डुरासारख्या ठिकाणी प्रवास कोणाला ना कोणाला करावाच लागतो.

पुनरावलोकन मंडळ परवानगी देत नाही. ते अहवाल तपासते, आणि ते अहवाल भरणारेही डॉक्टरच. प्रत्येक मूल्यांकनाचा फॉर्म सात दिवसांत पाठवायचा असतो. ही कागदपत्रे डॉक्टरांच्या कामाचा मोठा भाग खातात. ती नसती तर मात्र मंडळाला पाहायला काहीच उरले नसते.

भारतात औषध देऊन मरण घडवून आणणे बेकायदेशीर आहे. प्रश्न आहे तो उपचार थांबवण्याचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये विशिष्ट अटींवर त्याला वाट मोकळी केली. पण त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीला नव्हे, तर त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना असल्याचे मानले. २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ मत देते, दुसरे मंडळ त्याची खातरजमा करते, आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते.