ट्रेकिंगची सॅक आणि प्रवासाची सॅक: जंगलातल्या मुक्कामासाठी नेमकी कोणती?

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारात बॅगांच्या दुकानात शिरले की भिंतीवर दोन जातींच्या सॅक शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतात आणि वरवर पाहता त्यांच्यात काही फरक जाणवत नाही. दोन्हींवर ५० किंवा ६० लिटर असा आकडा छापलेला असतो, दोन्हींना छातीचा आणि कमरेचा पट्टा असतो आणि दुकानदार दोन्हींना ट्रेकिंग सॅक म्हणूनच दाखवतो. प्रत्यक्षात त्यांतली एक एसटी स्टँडपासून घरापर्यंत सामान नेण्यासाठी बनवलेली असते आणि दुसरी ओझे पाठीवर घेऊन दिवसभर चालण्यासाठी. मेळघाटात वनविभागाच्या परवानगीने पाहणीच्या कामाला जाणारे स्वयंसेवक, संरक्षण कुटीवर चार-चार दिवस राहणारे वनमजूर आणि वनरक्षक, किंवा बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसणारे निसर्गप्रेमी यांना दुसरीच लागते. पैसे मोजकेच असतील तर निवड चुकून चालत नाही, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

माझी पहिली सॅक ५५ लिटरची होती आणि तिच्यावर ‘ट्रेकिंग’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. तीन दिवसांचा शिधा, चादर, गरम कपडे आणि आठ लिटर पाणी भरल्यावर तिचे वजन चौदा किलोंच्या घरात गेले. सेमाडोहच्या बाजूला एका कुटीकडे जाताना पहिल्या तासातच खांद्यांना रग लागली आणि दुसऱ्या दिवशी नाला उतरताना उजव्या खांद्याचा पट्टा बुडाशी शिवणीतून निघाला. सोबतच्या वनमजुराने पिशवीतून दाभण आणि सुतळी काढून तो पट्टा तिथेच शिवून दिला आणि सॅक पुन्हा माझ्या पाठीवर चढवताना तो म्हणाला, “भाऊ, वझं खांद्यावर नाही, कमरेवर घ्या लागते.” सॅक निवडताना पाहण्याची मुख्य गोष्ट त्याने एका वाक्यात सांगितली होती.

प्रवासाच्या सॅकमध्ये कमरेचा पट्टा म्हणजे दोन बोटे रुंदीची नुसती पट्टी असते, आणि तिचे काम सॅक हलू न देणे एवढेच असते. चालण्याच्या सॅकमध्ये हाच पट्टा तळहाताएवढा रुंद, आत घट्ट फोम भरलेला आणि दोन्ही बाजूंनी कमरेला वेढणारा असतो. तो पोटावर बांधायचा नसतो; आपल्याकडे बाया घागर कमरेच्या ज्या हाडावर टेकवतात, त्या हाडाच्या वरच्या काठावर तो बसला पाहिजे. तिथे तो बसला की ओझ्याचा बहुतेक भार कमरेवरून पायांकडे जातो आणि खांद्याच्या पट्ट्यांना केवळ सॅक मागे कलू न देण्याचे काम उरते.

पण पट्टा कितीही चांगला असला तरी वरचे वजन त्याच्यापर्यंत पोहोचवणारे काहीतरी मध्ये असावे लागते, आणि सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. चालण्याच्या सॅकच्या पाठीत ॲल्युमिनियमच्या एक-दोन पट्ट्या किंवा प्लास्टिकचा कडक पत्रा बसवलेला असतो, तर प्रवासाच्या सॅकच्या पाठीला जाड फोमच्या गाद्या शिवलेल्या असतात, ज्या बोटांना भरीव लागतात पण भाराखाली दबून जातात. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. रिकामी सॅक जमिनीवर उभी धरावी आणि वरून दोन्ही हातांनी दाबावी. ती मध्येच दुमडली तर तिच्यात सांगाडा नाही, मग वर काहीही छापलेले असो.

त्यानंतर पाठीच्या मापाचा विचार येतो, ज्याकडे आपल्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड टोकासारखे वर येते, तिथपासून कमरेच्या त्या हाडाच्या काठाच्या रेषेपर्यंत पाठीवरून टेप लावावा. उंच माणसाची पाठ आखूड आणि ठेंगण्या माणसाची लांब असू शकते, त्यामुळे उंचीवरून सॅक घेणे बरोबर नाही. प्रवासाच्या सॅक बहुधा एकाच मापात येतात. चालण्याच्या काही सॅकमध्ये खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतात, आणि घरातल्या दोघा-तिघांनी मिळून एकच सॅक वापरायची असेल तर अशा सोयीसाठी थोडे जास्त पैसे देणे मला योग्य वाटते.

दुकानात जाताना घरून डाळ-तांदळाच्या पिशव्या न्याव्यात, किंवा तिथेच पाण्याच्या बाटल्या मागून घ्याव्यात, आणि सॅकमध्ये दहा-बारा किलो भरावे. आधी कमरेचा पट्टा आवळावा आणि मग खांद्याचे पट्टे मुद्दाम सैल सोडावेत. सॅक कमरेवर टिकून राहिली तर ती कामाची आहे. सरकून माकडहाडाकडे गेली तर ती परत टांगून ठेवावी. दुकानदाराला हे आवडणार नाही, तरी संकोच करू नये.

लिटरच्या आकड्याने दिशाभूल होते, कारण तो फक्त जागा सांगतो, भार पेलण्याची ताकद सांगत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात ओझे वाढते ते कपड्यांमुळे नाही, पाण्यामुळे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि जिथे पाणवठ्यावरचे पाणी भरवशाचे नाही तिथे निघतानाच पाच ते आठ लिटर सोबत घ्यावे लागते. म्हणजे जागा थोडी आणि वजन भारी. म्हणून दोन-तीन मुक्कामांसाठी सांगाडा नसलेल्या ७० लिटरच्या सॅकपेक्षा नीट सांगाड्याची ४५ ते ५० लिटरची सॅक केव्हाही चांगली. सगळे मिळून ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहील असे पाहावे. पाण्याचे कॅन पाठीला लागून, मधल्या भागात ठेवावेत. ते तळाशी किंवा बाहेरच्या कप्प्यात ठेवले की सॅक मागे ओढते.

कापडाबाबत दुकानात डेनियरचा आकडा मोठ्या आवाजात सांगितला जातो. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. त्यावरून धागा किती जाड आहे हे कळते, तो किती पक्का आहे हे कळत नाही. ६०० डेनियरचे पॉलिस्टर ऐकायला दणकट वाटते, पण चांगले ४२० डेनियरचे नायलॉन हलके असूनही बोराटीच्या काट्यांना पुरून उरते. त्यापेक्षा सॅक आतून उलटी करून शिवण पाहावी. कापडाच्या कडा पट्टीने बांधलेल्या आहेत का, आणि खांद्याचा पट्टा जिथे बुडाशी जोडला आहे तिथे टाक्यांची दाट, आडवी वीण आहे का, हे तपासावे. माझी सॅक फाटली ती नेमकी तिथेच, आणि तिथे एकच साधी टीप मारलेली होती.

परदेशी शिकाऱ्यांसाठीच्या महाग सॅक आता इथेही मागवता येतात. त्यांच्यात सांगाडा आणि पिशवी यांच्यामध्ये मांस बांधून आणण्यासाठी जागा सोडलेली असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्यामुळे त्या सोयीसाठी पैसे घालवण्याचे कारण नाही. आठवडी बाजारात मिळणाऱ्या लष्करी नक्षीच्या सॅकमध्ये बहुधा सांगाडा नसतो. रंग मळकट हिरवा किंवा मातकट असला म्हणजे जंगलात पुरे.

पाच हजारांच्या आसपास बजेट असेल तर सगळा पैसा सांगाडा, कमरेचा पट्टा आणि शिवण यांवर लावावा. कप्पे, चेनी, पावसाचे कव्हर यांशिवाय काम भागते. कव्हर झाडीत अडकून फाटते आणि पाठीकडून पाणी आत जातेच. त्याऐवजी सॅकच्या आत पॉलिथिनची जाड मोठी पिशवी घालून तिचे तोंड पिळून बांधले की श्रावणातही चादर कोरडी राहते. वापरलेली सॅक मिळत असेल तर अवश्य पाहावी, पण आधी आतून हात फिरवावा. आतला थर चिकट लागला किंवा त्याचे पापुद्रे सुटत असले तर ती स्वस्तातही घेऊ नये.

माझी जुनी सॅक मी टाकलेली नाही. परतवाड्याच्या एका चांभाराकडून तिचे दोन्ही पट्टे पक्के करून घेतले आणि नागपूरला एसटीने जाताना मी तीच नेतो. त्या कामाला ती उत्तम आहे.