मामाची हेराल्ड आणि उदबत्तीचा धूर

मे महिन्यात भर दुपारी ठाण्याच्या तीन हात नाक्यावर जुनी गाडी घेऊन अडकणं म्हणजे काय, ते माझ्या मामाला विचारा. एक डोळा सिग्नलवर, दुसरा पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर. गाडी दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड, ९४८ सीसी. मूळची ब्रिटनच्या ट्रायम्फची, आपल्याकडे मद्रासला बनायची. हिचीच चासी (खालचा सांगाडा) आखूड करून ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. चासी बॉडीपासून वेगळी, त्यामुळे तिकडच्या हौशी लोकांनी तिच्यावर फायबरच्या किट कारही (सुटे भाग आणून घरी जोडायच्या गाड्या) चढवल्या. मामा हे सगळं रंगवून सांगतो, पण काटा वर सरकायला लागला की त्याचं बोलणं मध्येच तुटतं.

गाडी ‘हीट मारते’ म्हटलं की प्रत्येकाच्या खिशात एक उपाय असतो. एका मिस्त्रीनं सांगितलं, रेडिएटर लहान पडतो, मोठा कोअर (त्याची आतली जाळी) टाका. टाकला. दुसरा म्हणाला, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेका, आपल्या हवेत त्याचं कामच काय? काढला. तिसऱ्यानं महागडं कूलंट (पाणी गोठू नये, गंज येऊ नये म्हणून मिसळायचं द्रव) भरलं. पैसे गेले, काटा होता तिथेच. मग मामानं मला फोन केला, कारण घरात इंजिनिअर मीच. मी त्याला एकच विचारलं: “मामा, तापते कुठे?”

“म्हणजे? इंजिनात!”

“तसं नाही. रस्त्यावर कुठे?”

तो जरा थांबला. माजिवडा, कापूरबावडी, जिथे गर्दी तिथे. घोडबंदर रोडला पुढे रस्ता मोकळा झाला की काटा आपोआप खाली. निम्मं निदान इथेच झालं होतं. ते का, हे कळायला थोडा हिशेब करावा लागेल.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. जुनं इंजिन त्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकांकडे पाठवतं. बराचसा भाग सायलेन्सरमधून जातो, आणि ढोबळमानाने एक तृतीयांश इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या गळ्यात पडतो. ताशी ६० किलोमीटरनं, लिटरला १२ च्या हिशेबानं धावणारी गाडी तासाला पाच लिटर पेट्रोल पिते. म्हणजे पाण्याला सतत सुमारे १५ किलोवॅट उष्णता बाहेर न्यायची असते. घरातले दोन किलोवॅटचे सात गिझर एकदम चालू ठेवावेत, तेवढी. सिग्नलला नुसतं गुरगुरत उभं राहिलं की हा आकडा तीन किलोवॅटच्या आसपास येतो, म्हणजे दीड गिझर. आता गंमत बघा: हेराल्ड सात गिझर सहज पेलत होती आणि दीड गिझरला दमत होती. रेडिएटर खरोखर लहान असता तर उलटं झालं असतं. मोकळ्या रस्त्यावर काटा चढला असता.

मग गर्दीत कमी काय पडतं? हवा. पाण्याला उष्णतेची भूक मोठी आहे, हवेला फारच थोडी. एक लिटर पाणी एक अंशानं तापायला जितकी उष्णता घेतं, तितक्यात साडेतीन हजार लिटर हवा एक अंशानं तापते. म्हणून १५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची, आणि रेडिएटरमधून जाताना हवा ३० अंशांनी तापते असं धरलं, तर दर सेकंदाला सुमारे ४०० लिटर हवा लागते: २०० लिटरची दोन पिंपं, दर सेकंदाला. धावत्या गाडीत ती फुकट मिळते. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर, आणि या गाड्यांचा पंखा इंजिनालाच जोडलेला. इंजिन सावकाश फिरतंय, तेव्हा पंखाही सावकाश. नेमकी गरज असते तेव्हाच तो सुस्त.

त्यात हवा कुठली, हाही प्रश्न आहे. ब्रिटिश गाड्यांचे रेडिएटर तिकडच्या हवेला धरून बेतलेले. ९० अंशांचं पाणी आणि २० अंशांची हवा, म्हणजे ७० अंशांचा फरक. उष्णता किती वेगानं बाहेर पडेल ते या फरकाच्या प्रमाणात ठरतं. कापूरबावडीला पुढच्या बसच्या मागे, तापलेल्या डांबरावर, ग्रिलसमोरची हवा ४५ अंशांची धरली तरी फरक उरतो ४५. त्याच रेडिएटरची ताकद एका झटक्यात तिसऱ्या हिश्श्यानं कमी. लोखंड तेच, पाणी तेच, फक्त गाव बदललं.

पण नवा कोअर तर मोठा होता. तरीही भागत नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी मामाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेराल्डचं ते अख्खं नाक पुढे उलटवलं, इंजिन चालू ठेवलं आणि मामीकडून दोन उदबत्त्या मागून घेतल्या. मामीला वाटलं पूजाच घालतोय.

उदबत्तीचा धूर हवेच्या वाटा दाखवतो. रेडिएटरसमोर मधोमध धरली की धूर आत ओढला जायला हवा. जात होता, पण मरगळल्यासारखा. मग ती रेडिएटरच्या बाजूला नेली, बॉडीचा पत्रा आणि रेडिएटर यांच्यामध्ये सुमारे दोन बोटं फट होती तिथे. धूर इंजिनाकडून पुढे वाहत होता, उलटा! फटीतून बाहेर येऊन, वळून, पुन्हा रेडिएटरमध्ये शिरत होता. पंखा समोरची हवा ओढायचं सोडून इंजिनाच्या कोंडवाड्यातली तापलेली हवाच गोल गोल फिरवत होता. ४५ चा फरक कागदावर, रेडिएटरच्या तोंडाशी पंचविशी-तिशीसुद्धा उरत नसेल.

हवा आळशी असते, सोपी वाट सापडली की रेडिएटरच्या पंखुड्यांमधून कशाला घुसमटत जाईल? म्हणून त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांत रेडिएटरभोवती जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या असायच्या. गाडी रंगवायला काढली की पेंटर तो मळका पुठ्ठा फेकून देतो. तो कुणाला महत्त्वाचा वाटत नाही. किट कारमध्ये तर तो मुळातच नसतो. नाक खालचं, तोंड लहान, रेडिएटर मिळेल त्या कोनात बसवलेला आणि भोवती चारी बाजूंनी भोकं. शिवाय आत आलेली हवा बाहेर कुठून जाणार, याचा विचार फार थोडे लोक करतात. चाळीतल्या एकच खिडकी असलेल्या खोलीत वारा येत नाही, तसंच हे. बोनेट मागून उचलून ठेवणारे म्हणतात, आम्ही मागची खिडकी उघडली. उभ्या गाडीत ते खरं आहे. पण वेगात समोरची काच हवेला अडवते, तिच्या पायथ्याशी दाब वाढतो आणि त्या फटीतून हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत घुसते.

आम्ही हापूसच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, फटी बुजवल्या, चिकटपट्टी मारली. उदबत्तीचा धूर आता समोरून सरळ आत. दुपारी माजिवड्याला मुद्दाम गर्दीत गेलो. काटा मध्यावर येऊन बसला तो बसलाच. नंतर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं पक्कं काम करून घेतलं, पण मामा अजून त्याला ‘आंब्याची पेटी’च म्हणतो.

थर्मोस्टॅटबद्दल मात्र माझं आणि मिस्त्रीचं जमलं नाही. तो काढू नये या मताचे लोकही त्याचं कारण चुकीचं सांगतात: पाणी फार जोरात पळालं की त्याला रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळ मिळत नाही. हे पटण्यासारखं वाटतं आणि साफ खोटं आहे. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आपण घड्या ठेवतो. एकच घडी तासभर ठेवली तर ती कोमट होऊन बसते. पटापट बदलल्या तर ताप लवकर उतरतो. प्रत्येक घडी थोडीच उष्णता नेते, पण एकूण जास्त जाते. पाण्याचंही तसंच. खरं कारण वेगळं आहे. बऱ्याच इंजिनांत गार इंजिनासाठी पाण्याची एक आडवाट असते, आणि काही बनावटींत थर्मोस्टॅट उघडताना ती बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी, आणि काही गरम पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता इंजिनात परत. शिवाय पावसाळी सकाळी इंजिन लवकर तापत नाही, ऑइल जाड राहतं, पेट्रोल जास्त लागतं.

मामाचा जुना थर्मोस्टॅट खणात पडला होता. तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला (मामीनं दुधाचं पातेलं दिलं नाही, ते बरंच झालं) आणि शेजारी थर्मामीटर. त्याच्या कडेवर ८२ कोरलेलं आहे. ८० पर्यंत ढिम्म. ८३ ला मधली चकती हळूच सरकली, ९० च्या पुढे सताड उघडी. आत मेणाची गोळी असते. मेण वितळताना फुगतं आणि दांडी ढकलतं, बस्स. ना वायर, ना बॅटरी. तो पुन्हा बसवला.

झाकणाकडेही कुणी बघत नाही. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. कुकरमध्ये ते १२० अंशांपर्यंत जातं. जुन्या गाड्यांवर असतं त्या सात पौंड दाबाच्या झाकणाखाली ते १११ ला उकळतं, आणि झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं की पुन्हा १०० ला. म्हणूनच तापलेलं झाकण उघडू नये. १११ अंशांच्या पाच लिटर पाण्यावरचा दाब अचानक गेला की त्यातलं शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी क्षणात वाफ होतं. शंभर ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण त्याची वाफ दीडशे लिटरहून जास्त होते आणि ती तोंडावर येते.

पाणी कोणतं, तर बोअरचं नक्कीच नाही. त्यातले क्षार इंजिनाच्या आतल्या भिंतींवर बसतात, आणि त्यांतून उष्णता बिडाच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्यानंच जाते. एक मिलिमीटरचा थर म्हणजे इंजिनाची भिंत पाच सेंटिमीटरनं जाड केल्यासारखं. नुसतं कूलंट ओतणंही चूक, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं. ठाण्यात पाणी गोठायची भीती नाही, गंजाची आहे. मी एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी घालायला सांगतो. इंजिनाच्या टायमिंगकडेही एकदा बघावं. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल जळता जळताच बाहेर पडतं आणि एक्झॉस्टच्या बाजूचं सगळं तापवतं. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तोच ठेवला तर मिश्रणात गरजेपेक्षा जास्त हवा येते. तिथे कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा लागू शकतो.

दिवाळीनंतर मामाचा पुन्हा फोन. “अरे, आता उलटं झालंय. गर्दीत एकदम शहाणी, आणि काल पाम बीच रोडला वाशीहून बेलापूरला जाताना ऐंशीच्या पुढे गेलो की काटा चढतो.”

उलटं झालं म्हणजे आता हवा नव्हे, पाणी. बोनेट उलटवलं, मामाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) बघत राहिलो. वरच्या होजमधून पाणी ढकललं जातं, खालच्यातून पंप ते ओढून घेतो. इंजिनाचा वेग वाढला तसा तो काळा रबरी होज मध्येच चपटा होत गेला. नीरेचा कागदी स्ट्रॉ मऊ पडल्यावर जोरात ओढला की चिकटतो, अगदी तसा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर पुन्हा गोल. आतली स्प्रिंग कधीतरी गंजून संपली असावी.

“सापडलं,” मी म्हणालो.

मामा खाली उतरून वाकला. “हा? अरे, रेडिएटर बदलला तेव्हा हा चांगला दिसतोय म्हणून मीच ठेवायला सांगितला होता.”