एचआयव्हीवाल्याला कॅन्सर झाला, आता फाइल कुणाकडे?

मानेत गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि त्यात पेशंट एचआयव्हीचा असेल तर मग बघायलाच नको. बरेचदा तो खराही ठरतो म्हणा. पण लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, त्यातही अश्शीच गाठ येते, ताप येतो, वजन उतरतं, रात्री घाम फुटतो. बायोप्सी न करता नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या चालू राहिल्या तर मोलाचे महिने वाया जातात.

एचआयव्ही स्वतः थेट कॅन्सर करत नाही, तो सीडी४ पेशी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, संपवतो आणि मग बाकीच्या व्हायरसना रान मोकळं. ईबीव्ही नावाच्या व्हायरसमुळे काही लिम्फोमा, एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर (एचआयव्ही असलेल्या बायकांना त्याचा धोका सुमारे 6 पट), आणि कापोसी सार्कोमा या बहुधा कातडीवर दिसणाऱ्या कॅन्सरमागचा व्हायरस तर 1994 मध्ये सापडला.

आता खरी गंमत औषधांची. लिम्फोमाच्या केमोत व्हिंक्रिस्टीन देतात, त्या औषधाला लिव्हरमधलं एक एन्झाइम मोडून काढतं. एचआयव्हीच्या काही कोर्समध्ये असलेलं रिटोनाविर नेमकं तेच एन्झाइम अडवून ठेवतं. म्हणजे डोस नेहमीचाच, पण औषध अंगात रेंगाळतं, हातपाय बधिर होतात, पोट गच्च धरतं. झिडोवुडीन हे एचआयव्हीचं जुनं औषध असेल तर तेही आणि केमोही, दोघं मिळून बोन मॅरोवर तुटून पडतात. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांना केमोचा असा त्रास खूप कमी, पण सोबत टीबी निघाला आणि त्यावरचं रिफाम्पिसिन लागलं की डोल्युटेग्राविरची गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. आणि केमोत सीडी४ अजून खाली जातात, म्हणून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, थांबवायची नाहीत, वर न्यूमोनिया टाळायला कोट्रायमोक्साझोलची गोळी.

एवढं सगळं एका डॉक्टरच्या डोक्यात कसं मावणार? म्हणून कॅन्सरचे डॉक्टर, एआरटी सेंटरचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि फार्मासिस्ट केमोच्या आधीच एकत्र बसले पाहिजेत. माझ्या मते यात सगळ्यात कमी भाव मिळतो तो फार्मासिस्टला, खरं तर असली टक्कर आधी त्याच्याच लक्षात येते.

आणि काउन्सेलर. कितीतरी पेशंट कॅन्सर वॉर्डात एचआयव्हीचं सांगतच नाहीत, हाकलून देतील म्हणून. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्यासाठी उपचार नाकारता येत नाहीत, काही अपवाद सोडले तर संमतीशिवाय कुणाला सांगताही येत नाही, पण कॉटशेजारी मेहुणा बसलेला असताना राउंडवर कुणी मोठ्यानं बोललं की झालं. म्हणून केमोची तारीख ठरायच्या आधी काउन्सेलर पेशंटला बाजूला घेऊन विचारतात, "घरात कुणाकुणाला माहितीये?"