एमआरआय चित्रणातील हालचालदोष व त्यांची दुरुस्ती

एमआरआय चालू असताना रुग्ण हलला, खोकला, त्याने आवंढा गिळला किंवा नुसता श्वास घेतला, तरी प्रतिमेत खोटे आकार, पट्टे वा पुसटपणा उमटू शकतो. यालाच हालचालदोष म्हणतात. तो आधी टाळता येतो, चित्रण चालू असताना सावरता येतो आणि काही प्रमाणात नंतर गणिताने काढताही येतो.

कारण : छायाचित्रात चालता माणूस तेवढा पुसट येतो, मागची भिंत स्वच्छ राहते. एमआरआयमध्ये तसे होत नाही. यंत्र शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे संकेत ‘के-स्पेस’ या गणिती कोष्टकात ओळीओळीने भरते आणि फूरिये रूपांतर या गणिती क्रियेने त्यांची प्रतिमा करते. कोष्टकातल्या प्रत्येक ओळीचा वाटा संपूर्ण प्रतिमेत असतो. म्हणून चार मिनिटांच्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे चित्रणाच्या एका फेरीत, मान क्षणभर वळली तरी दोष चित्रभर पसरतो. एक ओळ काही मिलिसेकंदांत भरते, पण सगळ्या ओळी भरायला मिनिटे लागतात. त्यामुळे दोष मुख्यतः फेज एन्कोडिंगच्या, म्हणजे या ओळी एकामागून एक भरल्या जातात त्या, दिशेने दिसतो. हालचाल श्वासासारखी किंवा नाडीसारखी लयबद्ध असेल, तर त्या दिशेने अवयवाच्या प्रतिकृती ठरावीक अंतरावर उमटतात. त्यांना घोस्ट म्हणतात.

पुसट प्रतिमेपेक्षा घोस्ट अधिक घातक, कारण तो खरा वाटतो. महाधमनीचा घोस्ट यकृताच्या डाव्या खंडावर पडला की गाठ असल्याचा भास होतो. अशा वेळी फेज एन्कोडिंगची दिशा बदलून तोच छेद (शरीराच्या पातळ कापाचे चित्र) पुन्हा घेतात. घोस्ट जागा सोडतो, गाठ सोडत नाही.

प्रतिबंध : सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे रुग्णाला नीट समजावणे. नाशिक शहरात सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांतून घाटरस्त्याने एसटीने येणारे रुग्ण असतात. मालेगाव-बागलाणकडचे अहिराणी बोलणारे असतात, कोकणा बोलणारे असतात. कंबरदुखी घेऊन एवढा प्रवास केलेल्या माणसाला कठीण टेबलावर अर्धा तास निश्चल पडून राहणे सोपे नाही. गुडघ्यांखाली उशी, कानात बोळे, हातात दाबून तंत्रज्ञाला बोलावण्याचा फुगा आणि श्वास कधी रोखायचा याचा त्याच्या बोलीत आधी करून घेतलेला सराव, एवढ्यानेही पुष्कळ सिक्वेन्स वाचतात. पोटाच्या चित्रणात श्वास सोडून थांबणे बरे, कारण त्या स्थितीत मध्यपटल दर वेळी जवळपास त्याच जागी येते. तान्ह्या बाळांना दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेतच चित्रण करतात; ते शक्य नसेल तर भूलतज्ज्ञ लागतो. नाशिकला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या क्ष-किरणशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणात या दोषांचे भौतिकशास्त्र शिकावे लागते. तितकेच महत्त्व रुग्णाशी बोलण्यालाही मिळायला हवे.

चित्रणादरम्यान : पोटावरच्या पट्ट्याने श्वास आणि ईसीजीने हृदयाचे ठोके ओळखून ठरावीक क्षणीच संकेत घेता येतात. १९८९ मध्ये एमन आणि फेल्मली यांनी मांडलेल्या नेव्हिगेटर पद्धतीत यंत्र मधूनमधून छोटा जादा संकेत घेऊन अवयव किती सरकला ते मोजते. जेम्स पाइप यांची १९९९ मधील प्रॉपेलर पद्धत के-स्पेस फिरत्या पात्यांनी भरते. प्रत्येक पाते मध्यातून जात असल्याने तोच भाग पुन्हापुन्हा मोजला जातो; त्यावरून पात्यांची तुलना करून हललेले पाते जागेवर आणता येते किंवा वगळता येते. काही कंपन्यांच्या यंत्रांवर हीच पद्धत ब्लेड किंवा मल्टिव्हेन नावाने असते. अस्वस्थ रुग्णाच्या मेंदूसाठी ती फार उपयोगी पडते. डोक्याच्या हालचालीवर कॅमेऱ्याने नजर ठेवून छेदाची जागा तिच्यामागोमाग सरकवण्याचे तंत्रही आहे.

नंतरची दुरुस्ती : डोके अखंड वस्तूसारखे हलते. ते छेदाच्या प्रतलातच सरकले तर के-स्पेसमध्ये संकेतांची फेज (लहरीची अवस्था) बदलते आणि वळले तर के-स्पेसही तेवढेच वळते. हालचाल किती झाली हे कळले की हा बदल बऱ्याच अंशी उलटा फिरवता येतो. मात्र डोके छेदाच्या प्रतलाबाहेर गेले, तर त्या जागेचा संकेत मुळात घेतलाच गेलेला नसतो. आतडी तर आकार बदलत हलतात. तिथे हे गणित तोकडे पडते.

डीप लर्निंगने, म्हणजे संगणकाला असंख्य उदाहरणांवरून शिकवण्याच्या तंत्राने, दोष पुसणाऱ्या प्रणाली अलीकडे आल्या आहेत. त्यांची प्रतिमा डोळ्यांना सुखावते, पण बारीक व्रण पुसला जाण्याचा किंवा नसलेली रचना उमटण्याचा धोका राहतो. म्हणून मूळ प्रतिमा शेजारी ठेवूनच अहवाल लिहावा आणि शंका आल्यास, रुग्ण टेबलावर असतानाच, तो सिक्वेन्स पुन्हा घ्यावा.