पट्टी बदलली तरी गाणं तेच कसं?

डॉली पार्टनचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ १९७४ साली आलं. हलक्या आवाजातलं साधंसुधं कंट्री गाणं, शेवटचं कडवं तर चक्क बोललेलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गायलं. सुरुवातीला एकही वाद्य नाही, आणि शेवटाकडे ड्रमचा दणका देऊन आवाज आभाळात. मूळ रेकॉर्डिंगमधल्या कंपनसंख्यांचा ठसा साठवून गाणं ओळखणारं अ‍ॅप इथे गोंधळतं. आपल्याला मात्र ओळखायला फारसा वेळ लागत नाही.

खरी गंमत त्या दणक्यानंतर आहे. तिथे ह्यूस्टनची पट्टी ‘ए’वरून ‘बी’वर जाते, म्हणजे दोन श्रुती (सुरांमधली बारीक अंतरं) नव्हे, पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून दोन पट्ट्या वर. प्रत्येक सुराची कंपनसंख्या सुमारे १२ टक्के वाढते. आधीचा एकही सूर जागेवर राहिला नाही, तरी ‘हे दुसरंच गाणं’ असं कुणी म्हणत नाही.

आकडे घेऊ. ‘ए’ पट्टीत सा २२० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला २२० कंपनं), शुद्ध ग सुमारे २७७ आणि प सुमारे ३३०. ‘बी’ पट्टीत हेच सूर साधारण २४७, ३११ आणि ३७० होतात. सा २७ हर्ट्झने चढला, ग ३४ने, प ४०ने. वाढ सारखी नाही, पण ग भागिले सा केलं तर दोन्हीकडे १.२६ येतं आणि प भागिले सा केलं तर १.५. आता मुद्दाम चुकीचं करून बघा, तिन्ही सुरांत सरसकट २७ मिळवा. २४७, ३०४, ३५७. हा ग कोमल आणि शुद्ध यांच्या मध्येच कुठेतरी लटकतो, आणि पंचम तीव्र मध्यमाकडे घसरतो. चाल मोडली. बेरीज केली तर गाणं मरतं, गुणाकार केला तर जगतं.

याची निम्मी तयारी कानातच आहे. अंतरकर्णातल्या शंखाकृती नळीत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा असतो. बारीक सूर त्याच्या एका टोकाला, जाडे सूर दुसऱ्या टोकाला जास्त थरथर निर्माण करतात. अगदी खालचे सूर सोडले, तर कंपनसंख्या दुप्पट झाली की थरथरीची जागा दरवेळी साधारण चार-पाच मिलिमीटरनेच सरकते, मग ती ५००ची १००० होवो की २०००ची ४०००. गणिताच्या भाषेत, पडदा कंपनसंख्येचा लॉगॅरिदम मांडतो, आणि लॉगॅरिदममध्ये गुणाकाराची बेरीज होते. पट्टी बदलली की थरथरीचा सगळा नकाशा तसाच्या तसा थोडा बाजूला सरकतो.

जाता जाता: वाद्यांचा ‘ए’ सूर नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झवर लावला की संगीत ‘विश्वाशी जुळतं’ आणि आजार बरे होतात, असे व्हिडिओ सतत फिरत असतात. या बदलाने सगळे सूर जेमतेम पाव ते अर्ध्या पट्टीच्या दरम्यान उतरतात, गुणोत्तर एकही बदलत नाही. शिवाय ‘हर्ट्झ’ सेकंदावर अवलंबून, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. विश्वाला त्याचं काय?

कव्हर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने गायलेलं, शोधणारे संगणक-प्रोग्रॅमही सगळा नकाशा बाजूला सरकवण्याची कानाचीच युक्ती वापरतात. सगळी सप्तकं एकावर एक घडी घालून बारा सुरांचे बारा कप्पे करायचे, कोणत्या क्षणी कोणता कप्पा किती भरला ते नोंदवायचं, मग ते कप्पे चक्रासारखे बारा वेळा फिरवून दुसऱ्या गाण्याशी ताडायचे. लय वेगळी असेल तर वेळेची पट्टीही जागोजागी ताणायची किंवा आवळायची.

पण कानाच्या रचनेवर सगळं श्रेय टाकता येत नाही. स्टार्लिंग पक्ष्याच्या कानातही सूर क्रमानेच मांडलेले असतात, तरी शिकवलेली चाल वेगळ्या पट्टीत वाजवली की तो बहुधा ती ओळखत नाही. २०१६च्या एका प्रयोगात दिसलं की सुरांच्या चढउतारापेक्षा आवाजाचा पोत त्याला जास्त महत्त्वाचा वाटतो. म्हणजे गुणोत्तर वेगळं काढायचं काम मेंदूतच कुठेतरी होतं. आणि मेंदू मूळ पट्टीही पुरती टाकून देत नाही. १९९४ साली मानसशास्त्राचे संशोधक डॅनियल लेव्हिटिन यांनी संगीताच्या खास निवडीशिवाय घेतलेल्या विद्यार्थ्यांना आवडती पॉप गाणी आठवून गायला सांगितली, तेव्हा दोन प्रयत्नांपैकी निदान एकात सुमारे ४० टक्के जणांनी थेट रेकॉर्डिंगचाच सूर पकडला.