मासा सरकला, आता जाळं बदला

समुद्र तापतोय हे आपल्याला बातम्यांत कळतं, छोट्या होडीवाल्याला ते जाळं ओढताना हाताला कळतं. गेल्या 50 वर्षांत पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकली तिच्यातली 90 टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतलीय. मासा थंड रक्ताचा, पाणी तापलं की त्याचं अंगही तापतं, मग त्याला ऑक्सिजन जास्त लागतो आणि गरम पाण्यात नेमका तोच कमी विरघळतो. मग तो गार पाणी शोधत निघतो, कोणी ध्रुवाकडे तर कोणी खोल.

मोठा ट्रॉलर मागे मागे जाईल हो, होडीवाला किती लांब जाणार? जेवढं लांब तेवढं डिझेल जास्त, बर्फ जास्त, वादळात सापडायची भीती वेगळीच. मग त्याच्यापुढे एकच, नवीन जो मासा येईल तो धरायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण गिलनेट बघा. त्याचा आस, म्हणजे जाळ्याचं एक भोक, ठराविक माशाच्या मापाचा असतो. मासा डोकं घालतो, अंग अडकतं, मागे फिरायला जातो तर धागा कल्ल्यामागे बसतो. नवीन मासा बारीक असला तर आरपार, जाडा असला तर डोकंच आत जात नाही. म्हणजे आधी नवीन जाळ्याचा खर्च!

पेरू देशात 1982-83 च्या एल निनोत असंच झालं (एल निनो म्हणजे दर काही वर्षांनी पॅसिफिक समुद्राचं पाणी तापतं ते, क्लायमेट चेंज नव्हे, पण गरम पाण्याची रंगीत तालीम म्हणा). थंड पाण्यातल्या अँचोव्ही नावाच्या बारीक माशाचा धंदा बसला आणि पिस्को शहराजवळच्या खाडीत स्कॅलॉप नावाची शिंपली मात्र बेसुमार वाढली. पाण्यात बुडी मारून ती काढायला लांबलांबचे मच्छीमार तिथे जाऊन राहिले, पुढे पाणी गार झालं तशी शिंपलीही ओसरली.

माझ्या मते ज्याच्या घरी तीन-चार तऱ्हेची जाळी आहेत तोच टिकतो. पण बऱ्याच देशांत लायसन्सच एका माशाचं किंवा एका जाळ्याचं मिळतं, मग समोर मासा असूनही हात बांधलेले.

आणि विकणाऱ्या बायकांचं काय? अवकाळी पावसाने वाळत घातलेली मासळी भिजते म्हणून जमिनीऐवजी उंच मांडव करतात, वर प्लास्टिक, ते जमून जातं. पण कधी न पाहिलेला मासा टोपलीत आला की गिऱ्हाईक आधी विचारतं, हा कुठला? त्या माशाला त्या किनाऱ्यावर अजून नावही नसतं, ते विकणारीलाच जागच्या जागी ठेवावं लागतं.